मुंबई–लंडन : अंतर एक, आकडे तीन, वेळ मात्र प्रत्येकाची वेगळी

गोदाकाठ · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आई पहिल्यांदाच ताईकडे लंडनच्या हॅरोला निघाली आहे आणि तीही एकटी. वय ७२, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. तिला विमानात नक्की किती तास बसायचंय एवढंच सांगायचं होतं, म्हणून नेटवर शोधायला बसले आणि डोक्याचा भुगा झाला.

एक साइट म्हणते मुंबई-लंडन ७,२१३. दुसरी म्हणते ४,४८०. तिसरी ३,८९५. वेळेचं तर विचारूच नका. कुठे साडेआठ तास, कुठे ९ तास २८ मिनिटं (या २८ मिनिटांवर माझा फार जीव जडलाय). तिकिटावर दुपारी १.१५ ला निघून संध्याकाळी ६.३० ला पोचणार असं छापलंय. म्हणजे सव्वापाच तास? आईने तेच धरलंय आणि "अगं, नाशिक-मुंबईला एवढे लागतातच की" असं शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. परतीचं तिकीट रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.२० चं, ते धरलं तर तेरा तासांच्या वर जातं.

जाणकारांनी जरा प्रकाश पाडावा.

आळशी_मुंगी · मंगळवार, रात्री ९.५८

तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटर, दुसरा मैल, तिसरा सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, विमानवाले त्यातच मोजतात. गुणून बघा, सगळे ७,२०० च्या आसपास येतात.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिथले ६.३० म्हणजे आपले रात्रीचे ११. दुपारी सव्वाला निघालं, अकराला पोचलं, पावणेदहा तास. परतताना तिथले रात्रीचे ९ म्हणजे आपले दीड. दीड ते दहा-वीस, ८ तास ५० मिनिटं.

काकूंना पावणेदहा सांगा. शेजाऱ्यांचं तुम्ही बघा.

सदाशिव_पेठी · मंगळवार, रात्री १०.०५

नाशिक-मुंबईला सव्वापाच तास? भिवंडी बायपासला कोणी थांबून मिसळ खातं का?

गोदाकाठ · मंगळवार, रात्री १०.०९

@सदाशिव_पेठी पावसाळ्यात एकदा येऊन बघा. माजिवड्याला मिसळ खाऊन, पचवून, पुन्हा भूक लागते.

@आळशी_मुंगी धन्यवाद! पण मग जाताना पावणेदहा आणि येताना पावणेनऊच का? रस्ता तोच ना?

चक्रधर · मंगळवार, रात्री १०.३१

साधं विज्ञान आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. लंडनहून विमान मुंबईकडे निघालं की... नाही, थांबा, मुंबई तर पुढे पळतेय. पण जाताना लंडन विमानाकडे येतंय, म्हणजे... असो. मुद्दा असा की पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम आहे, शाळेत शिकवतात.

भूगोलाच्या_बाई · मंगळवार, रात्री १०.५२

शाळेत असं अजिबात शिकवत नाहीत. तीसेक वर्षं मीच शिकवत होते.

तुमच्याच हिशेबाने चाला, चक्रधर. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,५८० किमी वेगाने पूर्वेला जाते. तिचा विमानाला असा फायदा-तोटा होत असता, तर सांताक्रूझला नुसतं वर जाऊन तरंगत राहायचं, दीड-दोन तासांत खाली सौदी अरेबिया आली असती. तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबरच फिरते. डेक्कन क्वीनच्या डब्यातली माशी गाडीच्या वेगाने मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसंच.

फरक पडतो तो त्या हवेत उंचावर वाहणाऱ्या वाऱ्यामुळे. मध्य अक्षांशांवर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्यातच जेट स्ट्रीमचे, म्हणजे फार वेगवान वाऱ्याचे, पट्टे असतात. लंडनला जाताना तो वारा तोंडावर, येताना पाठीवर. तो तसा का वाहतो, यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात नक्की आहे. तेवढे अर्धे गुण देते.

चक्रधर · मंगळवार, रात्री १०.५५

अर्धे का होईना, घेतो.

ढगातला · मंगळवार, रात्री ११.२०

बाईंशी सहमत. मी बरीच वर्षं एका विमान कंपनीत डिस्पॅचला होतो. कुठल्या रस्त्याने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन घालून, हे उड्डाणाच्या काही तास आधी ठरवणारं खातं. म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

मोठी जेट विमानं ताशी ९०० किमीच्या आसपास उडतात, पण ते हवेच्या तुलनेत. प्रत्यक्ष उडण्याचा मार्ग ७,५०० किमी धरा (७,२१३ का नाही, त्यावर उद्या येतो) आणि वाटेतल्या वाऱ्याची सरासरी फक्त ५०. जाताना जमिनीवरचा वेग ८५०, म्हणजे ८ तास ५० मिनिटं. येताना ९५०, म्हणजे ७ तास ५४ मिनिटं. त्यात दोन्हीकडचं रांगणं, चढणं, उतरणं यांची पाऊण-एक तासाची भर घाला, की तिकिटावरच्या वेळा मिळतात. थंडीत जेट स्ट्रीम उत्तर भारत-इराणच्या पट्ट्यात खाली सरकते आणि जोर धरते, तेव्हा जाण्या-येण्यातला फरक वाढतो. पावसाळ्यात ती हिमालयापलीकडे जाते.

लोकांच्या पटकन लक्षात येत नाही अशी एक गोष्ट. जाताना वाऱ्याने जितकं खाल्लं तितकं येताना परत मिळत नाही, कारण तोंडावरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता. सरासरी १०० चा वारा असेल तर जाऊन-येऊन बारा मिनिटं निव्वळ तोटा. हिशेब करून बघा.

तुमची लाडकी २८ मिनिटं कुठून आली तेही सांगतो. कित्येक साइट सरळ अंतराला ताशी ५०० मैलांनी भागतात आणि अर्धा तास चिकटवतात. ४,४८० भागिले ५००, अधिक अर्धा तास. आले ९ तास २८. साडेआठवाल्यांनी ९०० किमीने भागून तोच अर्धा तास जोडलाय. ना वारा, ना रस्ता, ना धावपट्टीवरची रांग.

गोदाकाठ · मंगळवार, रात्री ११.२६

२८ मिनिटांचं रहस्य उलगडल्याने थोडी उदास आहे.

आळशी_मुंगी · बुधवार, सकाळी ८.१२

वाचतोय. @ढगातला, ७,२१३ आणि ७,५०० मधला फरक सांगायचा राहिलाय. चहा घेऊन बसलोय.

भूगोलाच्या_बाई · बुधवार, सकाळी ९.४०

त्याआधी माझं ऐका, कारण नातवाचा पृथ्वीगोल समोर आहे.

मुंबईवर टाचणी, लंडनवर टाचणी, मध्ये शिवणाचा दोरा ताणून धरला. ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. दोरा मुंबईहून पश्चिमेला नाही, सरळ वायव्येला निघतो. कराचीवरून जवळजवळ घासून, बलुचिस्तान, मग इराणात शिरतो. तेहरान डाव्या हाताला ठेवून कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा ओलांडतो. बरोबर अर्ध्या वाटेवर जॉर्जियाची तिबिलिसी लागते. तिथून काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनचा पश्चिम भाग, जर्मनीत लाइपझिगच्या आसपास आणि मग लंडन.

आता भिंतीवरचा नेहमीचा सपाट नकाशा घ्या, मर्केटरचा. त्यावर पट्टीने रेघ मारली तर ती ओमानच्या आखातावरून, इराणच्या किनाऱ्याला लागून, सीरियातून, तुर्कस्तानातून जाते. दिसायला सरळ, पण मोजली तर ७,४०० च्या वर भरते. दोनशे किलोमीटर जास्त. तुमच्या साइटवरचा ७,२१३ हा दोऱ्याचा आकडा आहे.

ढगातला · बुधवार, सकाळी ११.०५

बाई, तुमच्या दोऱ्याने माझं निम्मं काम केलं. आता तोच दोरा धरा आणि सांगा, आज त्यावरून कोणतं विमान उडू शकतं?

कराची. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे महिन्या-महिन्याने मुदत वाढवत नेली. बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत बंदच होती.

इराण. जून २०२५ मध्ये इस्रायलशी लढाई जुंपली तेव्हा तिथलं आकाश बंद झालं, आखातातली वाहतूक एका रात्रीत कोलमडली.

क्रिमिया आणि युक्रेन. २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना पूर्ण बंद. त्याही आधी, जुलै २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच १७ पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं, तेव्हापासूनच बऱ्याच कंपन्या त्या भागाला वळसा घालत होत्या.

म्हणजे जगातल्या सगळ्या साइट जो आकडा छापतात, त्या रेषेवरून मुंबईचं विमान लंडनला जातच नाही. ७,२१३ हे पृथ्वीच्या गोलाईचं माप आहे, प्रवासाचं नाही. नेहमीचा मार्ग साधारण असा: मुंबईहून सरळ अरबी समुद्रावर, ओमान, आखात, मग त्या दिवशी जे उघडं असेल ते, म्हणजे इराण नाहीतर इराक किंवा सौदी, पुढे तुर्कस्तान, काळ्या समुद्राचा पश्चिम किनारा, रुमानिया-बल्गेरिया आणि मध्य युरोप. बघा गंमत, बाईंनी सपाट नकाशावर पट्टीने जी "चुकीची" रेघ मारली, तिच्याच आसपासून हे विमान जातं.

फार वळसा पडतो असं मात्र नाही. मुंबई-मस्कत आणि मस्कत-लंडन अशी बेरीज केली तरी ती ७,४०० च्या घरातच राहते. मुंबईचं नशीब की दाराशीच समुद्र आहे.

खरे मेले दिल्लीवाले. दिल्ली-लंडन दोऱ्याने ६,७०० किमी, मुंबईपेक्षा पाचशेने कमी. पण पाकिस्तान बंद म्हटल्यावर विमान आधी राजस्थान-गुजरातकडे खाली येतं, समुद्र गाठतं आणि मगच पश्चिमेला वळतं. जवळ असण्याचा सगळा फायदा तिथेच संपतो.

चक्रधर · बुधवार, सकाळी ११.३०

पण मग ब्रिटिश कंपन्यांची विमानं? त्यांना तर पाकिस्तान बंद नाही.

ढगातला · बुधवार, सकाळी ११.४८

नाही. बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आहे. त्यामुळे एकाच दिवशी मुंबईहून निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांची वाट वेगळी असू शकते. मुंबईच्या बाबतीत त्याने वेळेत फार उलथापालथ होत नाही, दिल्ली-अमृतसरच्या बाबतीत होते.

अवांतर: इराक आणि आसपास जीपीएसचे खोटे संकेत सोडण्याचे प्रकार २०२३ पासून बरेच वाढलेत. सीटसमोरच्या पडद्यावर विमान मध्येच भलतीकडे दिसलं तर काकूंनी घाबरू नये. वैमानिक एकट्या जीपीएसवर विसंबून नसतो.

गोदाकाठ · बुधवार, दुपारी १.१५

हे आईला सांगितलं तर ती तो पडदाच उघडणार नाही. किंवा दहा तास त्याच्यावरून नजर काढणार नाही. दोन्ही शक्य आहे.

नाखवा · बुधवार, दुपारी ३.०२

तुम्ही तासांवर भांडताय. माझे थोरले काका १९६१ साली शिकायला गेले ते बॅलार्ड पियरवरून, पी अँड ओच्या बोटीने. एडन, सुएझ, पोर्ट सईद, जिब्राल्टर, टिलबरी. दोन-अडीच आठवडे. समुद्राने हे अंतर सुएझमार्गे साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास. एडनला उतरून त्यांनी स्वस्तात घड्याळ घेतलं होतं आणि बोटीवर रोज ते थोडं थोडं मागे करायचे, असं सांगत. लंडनला उतरले तेव्हा शरीराला वेळेचा पत्ताही लागला नव्हता. जेट लॅग हा तुमच्या पिढीचा आजार.

बोटीच्या टपालासाठी आणि प्रवाशांसाठी बॅलार्ड पियरला रेल्वे स्टेशनही होतं, फ्रंटियर मेल तिथून सुटायची. आणि आकाश बंद होण्याचं तुम्हाला नवल वाटतंय, सुएझ तर १९६७ च्या युद्धानंतर १९७५ पर्यंत बंद होता. बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायच्या.

विमानाचं म्हणाल तर एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं उड्डाण ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून निघालं. मलबार प्रिन्सेस, लॉकहीड कॉन्स्टेलेशन, पंख्यांची चार इंजिनं, ३५ प्रवासी, त्यात जे. आर. डी. टाटा स्वतः. कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडन. जेट आलं १९६० मध्ये, बोइंग ७०७. त्यालाही वाटेत थांबे होतेच.

हेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लांवर आदळलं, ४८ जण गेले. आणि १९६६ च्या जानेवारीत त्याच डोंगरावर एअर इंडियाचं 'कांचनजंगा' नावाचं विमान, ज्यात होमी भाभा होते.

आळशी_मुंगी · बुधवार, दुपारी ३.१०

नाखवाकाका, मुलीची आई पहिल्यांदा चाललीये हो!

नाखवा · बुधवार, दुपारी ३.२२

अरे इतिहास म्हणून सांगितलं. आता कुठे जिनिव्हाला थांबतात. काकूंना म्हणावं निर्धास्त जा.

हॅरोकर · बुधवार, संध्याकाळी ६.४५ (इथली दुपार)

धाग्यावर हॅरोचं नाव दिसलं म्हणून आलो. गोदाकाठ, विमानातले तास सोडा, काकूंना घरून घरी किती लागतात ते सांगा, कारण थकवा त्यात आहे.

नाशिकहून सहार विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे पहाटेच निघावं लागणार. समृद्धीने इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमणेनंतरची भिवंडी-ठाणे आहे तिथेच आहे. इकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. भारतीय पासपोर्टला यांत्रिक दारं चालत नाहीत, माणसासमोरच उभं राहावं लागतं. अर्धा तासही लागतो, दीडही लागतो. लँडिंग कार्ड भरण्याची भानगड २०१९ पासून बंद झाली, ते एक बरं. मग सामान, मग हॅरोपर्यंत गाडीने पाऊण तास. सगळं मिळून वीस तासांच्या जवळ जातं.

म्हणून व्हीलचेअर आजच सांगून ठेवा. फुकट असते, उड्डाणाच्या निदान ४८ तास आधी कंपनीला कळवायची. "मी काय लंगडी आहे का" म्हणून आमच्या मातोश्रींनी पहिल्या खेपेला नाकारली होती. हीथ्रोची ती लांबलचक गल्ली चालून झाल्यावर पुढच्या वेळी स्वतःच आठवण करून दिली. शिवाय मदतनीस बरोबर असला की रांगेत इंग्रजीत काय विचारलं, कुठला फॉर्म, हा ताण जातो.

सीट उजव्या बाजूच्या खिडकीची मिळाली तर बघा. इथे बहुतेक दिवस वारा पश्चिमेचा, त्यामुळे विमानं पूर्वेकडून, शहरावरून उतरतात. ढग नसले तर थेम्स, पूल, पार्लमेंट सगळं उजवीकडे दिसतं. गुडघ्यांमुळे आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडची, हवी असेल तर मात्र थेम्स गेली खड्ड्यात, आइलच घ्या.

गोदाकाठ · बुधवार, रात्री ८.३०

@हॅरोकर हे फार कामाचं सांगितलंत. आइलची घेतलीये. व्हीलचेअरचं उद्या फोन करून सांगते, आईला सांगत नाही, थेट दारात उभी राहिली की बसेल.

अजून एक. ताई म्हणते विमान बऱ्याचदा लंडनवर येऊन घिरट्या घालत राहतं. खरं का? आणि तरीही "वेळेआधी पोचलो" अशी घोषणा कशी होते?

ढगातला · बुधवार, रात्री ९.१५

खरं आहे. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, साधारण एक उतरायला आणि एक उडायला, आणि विमानतळ गच्च भरलेला. म्हणून येणारी विमानं चार ठरावीक ठिकाणी एकावर एक थरांत फिरवत ठेवतात: बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, बिगिन, ऑकम. खालच्या थरातलं उतरायला गेलं की वरची एकेक पायरी खाली. आपल्याकडची बहुतेक लॅम्बोर्न नाहीतर बिगिनला येतात. पाच मिनिटंही जातात, वीसही.

मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. दार बंद झालं, विमान मागे ढकललं आणि मग अर्धा तास रांगेत, हे नेहमीचंच. दार सोडल्यापासून दार गाठेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, तिकिटावर तोच असतो. कंपनी हे सगळं गृहीत धरून त्यात थोडी पोटली बांधूनच ठेवते. घिरट्या घालायला लागल्या नाहीत तर ती पोटली उरते आणि वैमानिक ऐटीत सांगतो, वीस मिनिटं आधी आलो. टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण वाचलेली मिनिटं आधीच हिशेबात धरलेली होती.

इंधनाचंही तसंच. प्रवासाचं इंधन, त्यावर अचानक लागलं तर म्हणून साधारण पाच टक्के, शिवाय हीथ्रो बंद झाला तर गॅटविक-स्टॅनस्टेडला जाण्याइतकं, आणि त्यानंतरही अर्धा तास उडता येईल इतकं. हे हातात असल्याशिवाय विमान निघत नाही. काकूंनी घिरट्यांना घाबरायचं कारण नाही.

आळशी_मुंगी · बुधवार, रात्री ९.४०

एक बाळबोध शंका. पडद्यावर उंची जाताना ३४,००० आणि ३६,००० दिसली, येताना ३७,००० आणि ३९,०००. योगायोग?

ढगातला · बुधवार, रात्री ९.५२

नाही, नियमच आहे. पश्चिमेकडे जाणारी विमानं सम हजारांवर, पूर्वेकडे जाणारी विषम हजारांवर. समोरासमोर येणाऱ्या दोघांत हजार फुटांचं अंतर आपोआप राहतं. काही देशांत थोडी वेगळी पद्धत आहे, पण बहुतेक ठिकाणी हेच. आणि विमान एकदम वर जात नाही. सुरुवातीला टाक्या भरलेल्या, विमान जड, म्हणून खालच्या उंचीवर. इंधन जळून हलकं झालं की पायरी चढतं.

सदाशिव_पेठी · बुधवार, रात्री १०.१८

चांगला धागा. वाचनखूण साठवली. (मिसळीबद्दलचं विधान मागे घेत नाही.)

गोदाकाठ · गुरुवार, सकाळी १०.३०

सर्वांचे आभार. आईला आत्ता गोल दाखवून सांगितलं, कराचीवरून जायचं होतं पण ओमानवरून जावं लागेल. म्हणाली, "बरं झालं." म्हटलं वेळ जास्त लागतो त्याने. म्हणाली, "लागू दे, जेवण देतात ना?"

बीपीच्या गोळीचं तेवढं विचारायचं होतं. सकाळी आठला घेते. तिकडच्या घड्याळाने की इकडच्या?

हॅरोकर · गुरुवार, दुपारी २.०५

हे मात्र धाग्यावर नको, तिच्या डॉक्टरांनाच विचारा. पश्चिमेला जाताना दिवस साडेचार तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखडतो, हे त्यांना सांगा आणि दोन्ही दिवसांच्या वेळा कागदावर लिहून घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. आणि दर तास-दीड तासाने मधल्या वाटेतून एक फेरी मारायला सांगा.

परतीचं तिकीट पुढे ढकललंत तर एक बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ तासभर मागे जातं, मग फरक साडेपाचचा होतो. कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रकही त्याच दिवसापासून लागतं, तेव्हा सुटायची आणि पोचायची दोन्ही वेळ नव्याने तपासा, जुन्या कागदावर विसंबू नका.

चक्रधर · गुरुवार, दुपारी ४.२०

आता कोणीतरी मुंबई-न्यूयॉर्कचंही सांगा. मेव्हणा म्हणतो ते उत्तर ध्रुवावरून जातं.

ढगातला · गुरुवार, संध्याकाळी ५.०१

ध्रुवावरून नाही, पण दोरा ताणलात तर बराच उत्तरेला जातो, अंतर साडेबारा हजारांच्या वर. त्यात रशिया आहे, पाकिस्तान आहे, आणि त्यामुळे काही भारतीय विमानांना मध्ये व्हिएन्नाला उतरून घ्यावं लागलेलं इंधन आहे. प्रकरण मोठं आहे, वेगळा धागा काढा. मी येतो तिकडे.